सेक्रेटरीसाहेबांची थंड चाचणी

रेडिएटरच्या मागची भिंत कोणी बघत नाही, आणि कितीतरी संसार निव्वळ त्यामुळे सुखाने चालतात. पण सप्टेंबरातल्या एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या देसांकाबाईंच्या कानातला डूल नेमका तिथे पडला. त्या गुडघे टेकून वाकल्या, डूल सापडला, आणि उठता उठता त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अरे माणसा, ही भिंत आहे की कोळशाची वखार? वीस वर्षं मी पाहुण्यांना या सोफ्यावर बसवतेय!"

"पाहुणे भिंत बघत नाहीत," तिहोमिर मास्तर वर्तमानपत्रातून म्हणाले.

"मी बघितली ना आता. संपलं."

खरोखरच संपले होते. मास्तरांचे लग्न होऊन अडतीस वर्षे झाली होती, आणि 'संपलं' या शब्दानंतर काय सुरू होते हे त्यांना पाठ होते.

तिहोमिर मास्तरांनी उझित्से शहरातल्या शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर ते इमारतीचे सेक्रेटरी झाले. झाले म्हणजे, निवडीच्या सभेला वेळेवर पोहोचलेले ते एकटेच होते. पण पद ते पद. त्यांच्याकडे गोल शिक्का होता, आणि खाली दारापाशी जो काचेचा सूचनाफलक होता त्याची किल्ली होती. गेल्या हिवाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या वुकाशिनने, म्हणजे बस डेपोतल्या निवृत्त मेकॅनिकने, परवानगी न घेता घरातला रेडिएटर बदलला. तेव्हा मास्तरांनी त्याचे नाव, मजला आणि गुन्हा असे सगळे त्या फलकावर महिनाभर टांगून ठेवले होते. खाली शिक्का दोनदा मारला होता, कारण पहिला जरा फिका आला होता.

तेव्हा आता भिंत साफ करायला स्वतःचा रेडिएटर काढायचा तर रीतसर परवानगी हवी. मास्तर हीटिंगच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या की अर्ज ऑगस्टअखेरपर्यंतच घेतात, आता जूनमध्ये या. मास्तरांनी घरी येऊन 'जून' एवढे सांगितले. देसांकाबाई उठल्या. त्यांनी फक्त सोफा भिंतीपासून दोन हात पुढे ओढला आणि तो तसाच राहू दिला. चार दिवस मास्तर सोफ्याला वळसा घालून दिवाणखान्यात ये-जा करत होते. पाचव्या दिवशी त्यांनी ठरवले की गुपचूप काढायचा.

पण कसा काढायचा? सेक्रेटरीने कोणाला विचारायचे म्हणजे पंचाईत. मागच्या अंगणात त्या दिवसांत आयवारासाठी, म्हणजे हिवाळ्यासाठी बरण्यांत भरून ठेवायच्या चटणीसाठी, लाल मिरच्या भाजायचे काम चालू होते. अख्खी इमारत शेगडीभोवती बसून मिरच्या सोलत होती. मास्तर हात पाठीमागे बांधून तिथे गेले आणि सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, "आमचा एक मावसभाऊ आहे, चाचाक गावाला. त्याला रेडिएटर काढायचाय. मूर्खच आहे."

सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने सांगितले की बिडाचा रेडिएटर गाढवासारखा जड असतो, पाठ मोडेल. दुसऱ्याने सांगितले, काढूच नये, एकदा काढलेला पुन्हा नीट बसत नाही, त्याच्या सासऱ्याचा बसला नव्हता आणि सासरा पुढे वारलाच. वुकाशिन मिरची सोलत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पाइपाच्या दोन्ही तोंडांना बुचं लावायला सांगा. वरच्याही आणि खालच्याही. आट्यांची, लोखंडी."

"वरचा व्हॉल्व्ह बंद केला की झालं ना?" मास्तरांनी विचारले.

"नाही झालं, मास्तर. दोन्ही."

ज्याचे नाव आपण फलकावर टांगले त्याच्याकडून शिकायचे, हे मास्तरांना जरा जड गेले. शिवाय पाण्याबद्दल त्यांना कोणी सांगावे? नद्या त्यांनी शिकवल्या होत्या. पाणी वरून खाली येते. वरचे तोंड बंद म्हणजे खालच्या तोंडातून येणार काय, वारा?

दुसऱ्या मजल्यावरच्या मिलुंकाकाकू मात्र मिरच्या सोलता सोलता वेगळ्याच आनंदात होत्या. त्यांचा बोग्दान सोळा ऑक्टोबरला व्हिएन्नाहून येणार होता, सहा वर्षांनी. बरोबर सून आणि तीन महिन्यांचा नातू. चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकूंनी नातू अजून फोनच्या काचेतूनच पाहिला होता.

"खोलीला रंग दिला, मास्तर. पांढरा नाही, लोण्यासारखा. सूनबाई फोनवर सारखं एकच विचारते, घर गरम असेल ना? म्हटलं, पंधरा तारखेला हीटिंग चालू होतं, आमचे सेक्रेटरी जातीनं लक्ष घालतात. नसेल तर म्हणे वसंतात येऊ. माझ्या वयात वसंताचं काय सांगावं?"

"काकू, मी आहे ना," मास्तर म्हणाले, आणि त्यांना ते म्हणताना फार बरे वाटले.

देसांकाबाईंनी दाराला कडी घातली आणि मास्तरांनी एका शनिवारी रेडिएटर काढला. वरचा व्हॉल्व्ह बंद केला. खालच्या पाइपात जुन्या पायजम्याची चिंधी कोंबली, ती पाण्यासाठी नव्हे, झुरळांसाठी. रेडिएटर घोंगडीवर लोळवत बंद बाल्कनीपर्यंत नेताना लाकडी जमिनीवर एक लांब ओरखडा पडला, तो झाकायला गालिचा सरकवला, आणि गालिच्याखाली आधीपासून झाकलेला दुसरा ओरखडा निघाला. भिंत खरवडली तर काजळीबरोबर प्लास्टर आले आणि प्लास्टरबरोबर वीट दिसली. मास्तरांनी प्लास्टर केले, ते वाळेना. दरम्यान रेडिएटरला रंग दिला. दोन हात झाल्यावर डब्यावरची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा कळले की हा रंग बागेतल्या कुंपणांसाठी आहे आणि तापला की सुटतो. मग तो खरवडणे आले. असे करत करत ऑक्टोबर उजाडला.

आणि मग थंड चाचणीची तारीख आली. हीटिंग सुरू करण्याआधी सगळ्या पाइपांत गार पाणी दाबाने भरून बघतात की कुठे गळत नाही ना. त्या दिवशी प्रत्येकाने घरी थांबायचे, हा नियम पाळण्यात आमचे लोक फार काटेकोर असतात. लग्न पुढे ढकलतील पण थंड चाचणी चुकवणार नाहीत. मास्तरांनी सूचना लावली: गुरुवारी आठ ते दोन, सर्वांनी घरी हजर राहावे. खाली आपल्या पदरचे एक वाक्य जोडले, आणि त्याला दोन रेघा ओढल्या: 'ज्यांनी रेडिएटरशी परस्पर खेळ केला असेल, त्यांनी इमारतीपुढे जबाबदारीला तयार राहावे.'

रोख वुकाशिनवर होता हे सांगायला नको. स्वतःच्या बाल्कनीत काय उभे आहे हे मास्तर विसरले नव्हते. पण त्यांच्या मनात ते खाते वेगळे होते. ते देसांकाबाईंचे काम होते.

गुरुवारी देसांकाबाई बहिणीकडे गेल्या. मास्तर यादी आणि पेन घेऊन घरोघर निघाले, कोण हजर आहे त्याच्या सह्या घ्यायला. अख्ख्या इमारतीत रिकामे घर एकच होते, आणि यादीत त्या घरापुढे त्यांनी सकाळीच सही करून ठेवली होती.

तळघरात मिस्त्रीने पाणी सोडले. तेव्हा मास्तर चौथ्या मजल्यावर वुकाशिनच्या दिवाणखान्यात, त्याच्या नव्या रेडिएटरसमोर उभे होते.

"माझं याच्यावर लक्ष आहे बरं का, वुकाशिन."

"असू द्या. सही कुठे करू?"

आणि खालून मिलुंकाकाकूंची किंकाळी आली. "अहो, माझी भिंत! माझं छत! अहो, कोणीतरी या!"

हीटिंगचे पाणी खालून वर भरतात. एकतीस वर्षे नद्या शिकवलेल्या माणसाला हे ज्ञान तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर, तीन-तीन पायऱ्या उतरताना झाले. ते घरात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. पायजम्याची चिंधी उडून झुंबराला लटकली होती. खालच्या पाइपातून काळेकुट्ट, गंजाचे पाणी मनगटाएवढ्या धारेने सोफ्यावर पडत होते. मास्तरांनी तळहात लावला, पाणी बाहीतून काखेत शिरले. टाच लावली, घसरले. शेवटी ते जमिनीवर बसले आणि पाइपाच्या तोंडाला पाठ लावून, दोन्ही पाय सोफ्याला टेकून रेटून राहिले. गार पाणी कण्यावरून वाहत होते. ओरडून पाणी बंद करा म्हणावे, तर ओरडणे कुठून आले ते सगळ्यांना कळेल. म्हणून इमारतीचे सेक्रेटरी तोंड मिटून बसले, आणि खालून मिलुंकाकाकू त्यांच्या वाटचेही ओरडत होत्या.

पाणी थांबले. मास्तर कोट चढवून जिन्यात आले. मिस्त्री वर आला होता, काकू कठड्याला धरून उभ्या होत्या, वुकाशिन उतरला होता.

"कुठून आलं?" मिस्त्रीने विचारले. त्याला त्या दिवशी अजून बारा जिने तपासायचे होते. "तिसऱ्यातून की चौथ्यातून?"

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिले. खरे एवढेच की मास्तरांनी काही ठरवले नव्हते. तोंड उघडले आणि ते बाहेर पडले.

"वरून. माझ्याकडेही वरूनच आलंय."

"माझी जमीन कोरडी आहे," वुकाशिन म्हणाला. "आपण दोघं तिथंच उभे होतो, मास्तर."

इथे गप्प बसायला हवे होते. पण शिक्षकाला शंका विचारली की उत्तर आपोआप येते. "त्यानं काही होत नाही," मास्तर म्हणाले. "चुनखडीच्या डोंगरात नदी एका ठिकाणी जमिनीत शिरते आणि मैलभर लांब बाहेर पडते. वरची जमीन कोरडी असते. पाणी भिंतीच्या आतून गेलं."

मिस्त्रीला नद्यांत रस नव्हता. "त्यानंच रेडिएटर बदलला होता ना? फलकावर वाचलं होतं मी." त्याने लिहिले: चौथा मजला. आणि जाताना सांगितले की हा उभा पाइप बंद. चौथ्या मजल्याने तपासणीचा कागद आणावा, मग सेक्रेटरींची सही, मग पुन्हा चाचणी. तोवर या बाजूच्या चारही घरांना हीटिंग नाही.

काकू वुकाशिनकडे वळल्या. त्या ओरडल्या नाहीत. "माझा नातू येणार होता रे," एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या. वुकाशिनने मास्तरांकडे पाहिले. मास्तर यादीत काहीतरी शोधू लागले. कोटाखालून अजून पाणी ठिबकत होते.

संध्याकाळी देसांकाबाई आल्या. त्यांनी सोफा पाहिला, झुंबर पाहिले, नवरा पाहिला. सगळे ऐकून घेतले.

"पाइपाला बूच नाही लावलंस, ते समजलं," त्या म्हणाल्या. "तोंडाला का नाही लावलंस?"

पुढचे दिवस मास्तरांना कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. वुकाशिन आजवर काकूंची बाजाराची पिशवी रोज वर आणून द्यायचा. आता त्याने जिन्यात हात पुढे केला की काकू पिशवी दुसऱ्या हातात घेत. शनिवारी काकूच मास्तरांच्या दारात आल्या. हातात आयवाराची मोठी बरणी होती.

"घ्या. या वर्षीचं पहिलं. तुम्ही एवढे धावलात, भिजलात. नाहीतर तो वरचा, बघा, माफीसुद्धा मागत नाही! तुम्ही तरी आहात म्हणून आम्ही आहोत."

मास्तरांना बरणी नको म्हणायचे होते, आणि बरेच काही म्हणायचे होते. ते "धन्यवाद, काकू" म्हणाले. देसांकाबाईंनी ती बरणी पानात वाढायला साफ नकार दिला. "ज्यानं कमावलीय त्यानं खावी," म्हणाल्या. बरणी कपाटावर राहिली.

सोमवारी सकाळी वुकाशिन आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याच्या हातात कागद होता.

"तपासनीस येऊन गेला. माझ्याकडे दोष नाही असं लिहून दिलंय. तीन खिडक्या फिरलो. आता म्हणतात सेक्रेटरींची सही आणा, की दोष चौथ्या मजल्यावर नाही."

"मला जरा... अभ्यास करावा लागेल."

"करा. मला हीटिंगचं काही नाही, मास्तर. मी दोन स्वेटर घालीन. पण ती बाई माझ्याशी बोलत नाही. माझी आई गेली तेव्हा चाळीस दिवस तिनं मला जेवू घातलंय." तो कागद त्यांच्या हातात देऊन वर गेला.

मास्तर तिथेच उभे होते, तेवढ्यात खालच्या जिन्यातून काकूंचा आवाज आला. त्या फोनवर होत्या. "नाही रे बाळा, गार आहे. नको आणूस त्याला. वसंतात बघू. हो, मी ठीक आहे."

मास्तर चपला न बदलता खाली धावले. "काकू, थांबा! त्याला सांगा तिकिटं रद्द करू नकोस. बुधवारपर्यंत थांब म्हणावं. मी सांगतो म्हणून सांगा."

"तुम्ही काय करणार, मास्तर? दोष त्या वरच्याचा."

"तेच बघतो," मास्तर म्हणाले आणि घरातल्या सपाता घालूनच हीटिंगच्या ऑफिसात गेले.

खिडकीत त्याच बाई होत्या. मास्तरांनी एका दमात सगळे सांगून टाकले. इतके दिवस धरून ठेवलेले ते एवढ्या मोठ्याने बाहेर पडले की रांगेतले लोक ऐकू लागले. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "असं तोंडी चालत नाही. अहवाल बदलायला दोन कागद लागतात. एक, ज्यानं नुकसान केलं त्या रहिवाशाचा कबुलीजबाब, सेक्रेटरींच्या नावे. दोन, सेक्रेटरींचा दाखला, की रहिवाशाला समक्ष बोलावून समज दिली."

"पण रहिवासी मीच आहे."

"आणि सेक्रेटरी?"

"तोही मीच."

"मग सोपं आहे. दोघंही घरी सापडतील."

मास्तरांनी तिथेच उभे राहून दोन्ही कागद लिहिले. बाईंनी ते वाचले आणि नियमाप्रमाणे प्रश्न विचारले.

"रहिवाशाला समज दिली?"

"दिली."

"कडक?"

"हो. गुरुवारपासून देतोय."

"त्यानं चूक मान्य केली?"

"केली. त्याला फार लाज वाटतेय, बाई."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले, सपातांकडे पाहिले, आणि दोन्ही कागदांवर ऑफिसचा शिक्का मारला. "बुधवारी दुपारी पुन्हा चाचणी लावते. तोवर रेडिएटर जागेवर हवा. आणि हे दोन्ही कागद तीन दिवस फलकावर लावायचे."

रेडिएटर बसवायला लागतो एवढा मोठा पाना अख्ख्या इमारतीत एकाकडेच होता. मास्तर चौथ्या मजल्यावर गेले. दार उघडले. "वुकाशिन, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "रेडिएटर माझा. बूच मी लावलं नाही. तू सांगितलं होतंस. सगळ्यांसमोर मी तुझ्यावर ढकललं." पुढे एक क्षमेचे वाक्य त्यांनी जिन्यात तयार केले होते, ते आठवेना.

वुकाशिनने दार लावून घेतले. मास्तर वळले, अर्धा मजला उतरले, तोच दार पुन्हा उघडले आणि तो पाना घेऊन बाहेर आला. मास्तरांच्या बाल्कनीत त्याने रेडिएटर पाहिला. अर्धा हिरवा, अर्धा खरवडलेला.

"हा चाचाकच्या मावसभावाला पाठवायचाय का?" तो म्हणाला. त्यानंतर काम संपेपर्यंत त्याने पान्यावरून नजर उचलली नाही. पाणीही प्यायला नाही. राकिया दारूचा पेला हवा का, हे तर मास्तरांना विचारायचाही धीर झाला नाही.

कागद फलकावर लावताना मास्तर मुद्दाम मिलुंकाकाकूंना बोलावून आले. काकूंनी चष्मा लावला. दोन्ही कागद वरपासून खालपर्यंत, शिक्क्यासकट वाचले. आजूबाजूला सगळी इमारत जमली होती आणि कोणी हसत नव्हते. हसले असते तर बरे झाले असते.

"माझी बरणी?" काकू म्हणाल्या.

"तशीच आहे. उघडलेली नाही."

"आणा."

तीन मजले चढून, बरणी छातीशी धरून, तीन मजले उतरून मास्तर आले. त्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. काकूंनी बरणी घेतली आणि सगळ्यांदेखत वुकाशिनच्या हातात दिली. मग त्या जिना चढून आपल्या घरी गेल्या.

बुधवारी चाचणी कोरडी झाली. पंधराला संध्याकाळी पाइपांत गुरगुर झाली आणि रेडिएटर तापले. मास्तरांच्या रेडिएटरचा राहिलेला हिरवा रंग तापून सुटू लागला आणि घरात घाण वास सुटला, पण देसांकाबाईंनी नुसती खिडकी उघडली. काकूंच्या छतावरचा डाग मास्तरांनी स्वतः शिडीवर चढून रंगवला. काकू खाली शिडी धरून होत्या. त्यांनी ती नीट धरली, एवढेच.

सोळाला बोग्दान आला. जिन्यात लहान मुलाचे रडणे ऐकू आले. मास्तर दाराच्या आत उभे राहून ऐकत होते. पाचच्या सुमारास देसांकाबाई खालून आल्या आणि म्हणाल्या, "तुलाही बोलावलंय." मास्तरांनी टाय बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

काकूंच्या खोलीत ऊब होती. सून स्वेटर काढून बसली होती. वुकाशिन सोफ्यावर होता, त्याच्यापुढे बशी होती. मास्तरांना पाहून तो वीतभर सरकला, पण पाहिले दुसरीकडेच.

"हे आमचे वरचे," काकूंनी सुनेला सांगितले. "यांनीच पाणी सोडलं होतं आपल्या अंगावर."

सून हसली. तिला तो घरातला काहीतरी विनोद वाटला. मास्तरांचे कान तापले. जमिनीने गिळून टाकले तर बरे असे त्यांना झाले, आणि खाली पहिला मजला आहे हेही आठवले.

"बसा," काकू म्हणाल्या. "असे दारात काय उभे? हात कोरडे आहेत ना?" आणि त्यांनी नातू उचलून थेट मास्तरांच्या हातात ठेवला.

मूल गरम होते, वजनाने काहीच नव्हते. त्याने मास्तरांचा टाय मुठीत पकडला. मास्तरांना हलता येईना. डोळ्यांत पाणी आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"मानेखाली हात घाला, मास्तर," वुकाशिन म्हणाला. "मानेखाली. असं नाही, पूर्ण."

मास्तरांनी काही न विचारता घातला.